निद्रानाशाच्या नोंदवहीतून निद्राविज्ञानाच्या नियतकालिकाकडे

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य या तीन उपस्तंभांपैकी निद्रेचा उपस्तंभ आज सर्वांत अधिक डळमळीत झाला आहे, हे चिकित्सालयात बसणाऱ्या कोणत्याही वैद्यास वेगळे सांगावयास नको. कऱ्हाड, वाळवा, पलूस, कोरेगाव या भागांतील रुग्ण ‘झोप येत नाही’ एवढीच तक्रार घेऊन क्वचितच येतो. तो अम्लपित्त सांगतो, मलावष्टंभ सांगतो, अंगमर्द सांगतो. प्रश्न विचारीत गेल्यावर कळते, की कृषिपंपाची वीज वर्षानुवर्षे रात्रीच्या पाळीने मिळत आल्यामुळे आठवड्यातील काही रात्री त्याने उसाला पाणी पाजण्यात काढलेल्या असतात. दुसरा रुग्ण साखर कारखान्यात असतो आणि गळीत हंगामात त्याची पाळी सतत बदलत असते. चरकाचार्यांनी निद्रानाशाच्या हेतूंमध्ये विकार, प्रकृती व वात यांच्या बरोबरीने ‘कार्य’ आणि ‘काल’ यांचीही गणना केली आहे. कृष्णाकाठच्या वैद्यास हे दोन हेतू रोज प्रत्यक्ष भेटतात.

असे असूनही या अनुभवाचा मागमूस निद्राविज्ञानाच्या मान्यवर नियतकालिकांत फारसा दिसत नाही. दोष केवळ संपादकांच्या पूर्वग्रहाचा आहे असे आम्हीही काही काळ मानीत होतो. आता तसे मानीत नाही. त्याचे कारण प्रांजळपणे सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे.

परत आलेला निबंध

सातारा व सांगली येथील आम्ही काही वैद्यांनी आपापल्या नोंदवह्यांतील निद्रानाशाचे रुग्ण एकत्र केले. शिरोधारा, पादाभ्यंग, अश्वगंधा व तगर यांनी आलेले गुण मांडले, ग्रंथाधार जोडला आणि निबंध निद्राविज्ञानाच्या एका परदेशी नियतकालिकाकडे पाठविला. तो परीक्षकांपर्यंतही न पोहोचता संपादकांकडूनच परत आला. पत्र सौजन्याचे होते. आक्षेप मात्र नेमके होते. झोप कशाने मोजली? तुलनेचा गट कोठे आहे? नैतिक समितीची मान्यता कोणत्या तारखेची? चिकित्सापरीक्षणाचा नोंदणी क्रमांक कोणता? औषधाची ओळख कशी पटविली? आयुर्वेदाविषयी त्या पत्रात एकही आक्षेप नव्हता, हे आमच्या उशिरा ध्यानी आले. या पाचही प्रश्नांची उत्तरे पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच तयार असावी लागतात. नंतर कितीही सुंदर इंग्रजी लिहिले तरी ती निर्माण करता येत नाहीत. लेखणी हाती घेण्यापूर्वीच आमच्या निबंधाचा निकाल लागलेला होता.

ठाण्याचे उदाहरण

आपल्याच राज्यातील एक उदाहरण या संदर्भात अभ्यसनीय आहे. ठाण्याच्या इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्लीप सायन्सेस या संस्थेतील डॉ. अभिजित देशपांडे व सहकारी यांचा अश्वगंधेवरील निबंध २०२० मध्ये ‘स्लीप मेडिसिन’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १५० निरोगी प्रौढांची यादृच्छिक विभागणी करून एका गटास अश्वगंधेचा प्रमाणित अर्क रोज १२० मिलिग्रॅम, तर दुसऱ्यास प्लासिबो, म्हणजे दिसण्यात सारखी परंतु औषध नसलेली मात्रा, सहा आठवडे देण्यात आली. कोणास काय मिळाले हे घेणाऱ्यास वा देणाऱ्यास ठाऊक नव्हते. १४४ जणांनी परीक्षण पूर्ण केले. प्रश्नावलीनुसार झोपेची गुणवत्ता औषधगटात ७२ टक्क्यांनी, तर प्लासिबो गटात २९ टक्क्यांनी सुधारली. सोबतीला मनगटावर बांधावयाच्या ॲक्टिग्राफ यंत्राची मोजणीही होती.

आमच्या मते या निबंधातील सर्वांत बोधप्रद आकडा ७२ नसून २९ हा आहे. काहीही औषध न घेता लोकांची झोप एवढी सुधारते! याची कारणे समजण्याजोगी आहेत. रुग्ण वैद्याकडे येतो तो बहुधा त्रास शिगेला पोहोचलेला असताना. तेथून त्रास आपोआपही काहीसा उतरतो. शिवाय कोणी आपुलकीने ऐकून घेतले, रोज झोपेची नोंद ठेवावयास लावली, की तेवढ्यानेच फरक पडतो. तुलनेचा गट नसेल, तर हा सारा उतार आपण आपल्या औषधाच्या खात्यावर जमा करतो. आम्ही नेमके तेच केले होते.

आधी प्रश्न, मग रुग्ण

‘निद्रानाशावर आयुर्वेद’ हा शोधनिबंधाचा विषय होऊ शकत नाही. तो ग्रंथाचा विषय झाला. निबंधास एकच लहान प्रश्न पुरतो. रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी आणि फल कोणत्या मापाने पाहावयाचे, हे चार घटक एका वाक्यात मावले पाहिजेत. आपल्या जिल्ह्यांतून सुचणारे दोन प्रश्न नमुन्यादाखल देतो. रातपाळीच्या कामगारांत झोपण्यापूर्वीच्या पादाभ्यंगाने दिवसाची झोप किती वाढते? चरकाचार्यांनी अनिद्रेत हितकर म्हणून सांगितलेले म्हशीचे दूध गाईच्या दुधाच्या तुलनेत खरोखर अधिक निद्राकर ठरते काय? दुसऱ्या प्रश्नासाठी कोणतीही मोठी कंपनी पैसा देणार नाही. परंतु सातारा-सांगलीच्या गोठ्यांत दोन्ही दुधे उपलब्ध आहेत आणि उत्तर कोणतेही आले तरी ते छापण्यायोग्यच असेल.

शिरोधारेसारख्या उपक्रमास प्लासिबो देता येत नाही, ही अडचण खरी आहे. अशा वेळी तुलनेच्या गटास केवळ निद्राविषयक पथ्यापथ्याचे मार्गदर्शन द्यावे आणि फलाची मोजणी करणाऱ्या व्यक्तीस गटाची माहिती असू नये. परीक्षक आणखी एक गोष्ट हमखास विचारतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये दीर्घकालीन निद्रानाशात प्रथम उपचार म्हणून औषधाऐवजी बोधात्मक वर्तनोपचाराची शिफारस केली. तेव्हा आपला उपचार त्याच्या संदर्भात कोठे बसतो, याचा विचार निबंधात आलाच पाहिजे.

झोपेचे मोजमाप

‘उपशय मिळाला’ हा शब्द आपल्यास पुरतो. निद्राविज्ञानास पुरत नाही. सर्वप्रथम निदानाची सीमा आखावी. आधुनिक व्याख्येप्रमाणे आठवड्यातून किमान ३ रात्री व किमान ३ महिने तक्रार असेल, तर तो दीर्घकालीन निद्रानाश होय. स्थूल देह, मोठे घोरणे, झोपेत श्वास अडकणे व दिवसा पेंग अशी लक्षणे असलेला रुग्ण या परीक्षणात घेऊ नये. त्यास निद्राश्वासरोधाच्या तपासणीसाठी पाठविणे हे आपले कर्तव्यच आहे.

मापे तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार प्रश्नावलींचा. पिट्सबर्ग निद्रागुणवत्ता निर्देशांक १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे गुण ० ते २१ असून ५ पेक्षा अधिक गुण म्हणजे झोप सदोष. निद्रानाश-तीव्रता निर्देशांकात ७ प्रश्न व ० ते २८ गुण असतात. १५ पासून मध्यम व २२ पासून तीव्र निद्रानाश मानतात आणि ६ गुणांची घट झाल्यास ती रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण समजली जाते. दुसरा प्रकार रोजच्या निद्रानोंदीचा आणि तिसरा ॲक्टिग्राफ वा रात्रभराच्या पॉलिसोम्नोग्राफीचा. यंत्रे साऱ्यांना परवडणार नाहीत. परंतु प्रश्नावली व निद्रानोंद यांना कागद आणि चिकाटी एवढेच लागते.

येथे एक सावधगिरी. प्रश्नावलीचे मराठी भाषांतर आपणच घरी बसून करू नये. बहुतेक प्रश्नावलींचे हक्क राखीव असतात. लेखी परवानगी घ्यावी, प्रमाणित मराठी आवृत्ती असल्यास तीच वापरावी. चहा, तंबाखू, मिश्री, मद्य, दिवास्वाप आणि पाण्याच्या पाळीच्या रात्री यांची नोंद प्रत्येक रुग्णाच्या कागदावर असावी. घड्याळाकडे न पाहणाऱ्या वृद्धांसाठी कारखान्याचा भोंगा, पहाटेची एस.टी. अशा खुणांवरून वेळ ठरविता येते. मात्र ती रीत निबंधात स्पष्ट लिहावी.

मान्यता आणि नोंदणी

खाजगी चिकित्सालय चालविणाऱ्या वैद्याची स्वतःची नैतिक समिती नसते. म्हणून जवळच्या आयुर्वेद वा वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकास सहलेखक करून तेथील नोंदणीकृत समितीची लेखी मान्यता घ्यावी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घेऊन संमतिपत्र रुग्णास समजेल अशा मराठीत असावे. परिषदेची चिकित्सापरीक्षण नोंदणी, म्हणजेच ‘सीटीआरआय’, जुलै २००७ मध्ये सुरू झाली. नोंदणीस शुल्क नाही. मात्र १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्यापूर्वी केलेली नोंदणीच तेथे स्वीकारली जाते. मागील तारखेची सोय आता उरलेली नाही.

मग जुन्या नोंदवह्या निरुपयोगी काय? मुळीच नाही. जुन्या रुग्णांवर परीक्षण लिहिता येत नाही. परंतु एखादा उत्तम नोंदलेला रुग्ण, त्याच्या संमतीने, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘केअर’ निकषांनुसार रुग्णवृत्त म्हणून मांडता येतो. प्रथम निबंधासाठी आम्ही हाच मार्ग सुचवू.

औषधनिर्मात्यांस दोन शब्द

आमच्या औषधनिर्मात्या बंधू-भगिनींचा या कामातील वाटा वैद्यांइतकाच मोठा आहे. वनौषधींच्या परीक्षणांसाठी कॉन्सॉर्ट निकषांची विशेष पुरवणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेले अंग, निर्मितीची पद्धत, घाणा क्रमांक व प्रमाणीकरण द्यावे लागते. यात अनाठायी काही नाही. ‘शंखपुष्पी’ या एकाच नावाने कोठे कॉन्व्हॉल्व्ह्युलस, कोठे इव्हॉल्व्ह्युलस, तर केरळात गोकर्ण वापरला जातो. मग निबंधातील शंखपुष्पी नेमकी कोणती, हे परदेशी वाचकाने कसे ओळखावे? अश्वगंधेच्या बाबतीत आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये पाने न वापरता मूळच वापरण्याविषयी सूचना काढली. त्यामुळे वापरलेल्या अंगाचा उल्लेख आता अधिकच आवश्यक झाला आहे. प्रमाणित अर्काचे १२० मिलिग्रॅम आणि चूर्णाचे ३ ग्रॅम यांची परस्पर अदलाबदल करून दुसऱ्याच्या निबंधाचे श्रेय आपल्या उत्पादनास लावणे, हेही योग्य नव्हे.

परीक्षणासाठी एकाच घाण्याचे औषध द्यावे, त्याचा नमुना राखून ठेवावा, वर्ण-गंधाने जुळणारा प्लासिबो करून द्यावा. औषध विनामूल्य दिले असेल, तर तसे निबंधात स्पष्ट छापावे. ते लपविल्यास प्रसिद्ध झालेला निबंधही मागे घेतला जाऊ शकतो. उपद्रवांची नोंदही निःसंकोच द्यावी. अश्वगंधायुक्त पूरके घेणाऱ्यांत यकृतविकाराच्या तुरळक घटना वैद्यकीय वाङ्मयात नोंदल्या गेल्या आहेत. ‘आयुर्वेदात दुष्परिणाम नाहीत’ हे वाक्य परीक्षकास आपल्याविषयी साशंक करण्यास पुरेसे आहे.

लेखन आणि पाठवणी

एवढी सिद्धता झाली की लेखन सोपे होते. प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष व चर्चा हा क्रम ठरलेला आहे. प्रथम पद्धती लिहाव्यात, नंतर कोष्टके आणि सारांश सर्वांत शेवटी. संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला रुग्णसंख्या ठरवितानाच घ्यावा. अनिद्रा, वातवृद्धी, तर्पक कफ या संज्ञा गाळू नयेत. प्रथम उल्लेखाच्या वेळी त्यांचा अर्थ एका वाक्यात द्यावा. परिणाम न मिळालेले मापही लिहावे. इंग्रजी सुधारण्यास कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरले असेल तर ते नमूद करावे. त्या साधनास लेखक करता येत नाही आणि त्याने सुचविलेला प्रत्येक संदर्भ मूळ निबंध उघडून पडताळावा.

नियतकालिक निवडताना त्याचे मागील दोन-तीन वर्षांचे अंक चाळावेत. ‘स्लीप मेडिसिन’सारख्या ठिकाणी स्पर्धा तीव्र आहे. २००६ पासून प्रसिद्ध होणारे ‘इंडियन जर्नल ऑफ स्लीप मेडिसिन’, २०१० पासूनचे ‘जर्नल ऑफ आयुर्वेद अँड इंटिग्रेटिव्ह मेडिसिन’ अथवा जामनगरचे ‘आयु’ यांचाही विचार करावा. आठ दिवसांत प्रसिद्धीची हमी देऊन पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये ४३०५ नियतकालिके आपल्या यादीतून वगळली होती. आयोगाची नंतरची ‘केअर’ यादीही (वर सांगितलेल्या रुग्णवृत्ताच्या निकषांशी तिचा संबंध नाही) २०२५ मध्ये बंद झाली असल्याने पारख आता आपणच करावयाची आहे. निबंध एका वेळी एकाच ठिकाणी पाठवावा.

परीक्षकांचे आक्षेप आले की प्रथम दोन दिवस उत्तर लिहू नये. नंतर प्रत्येक आक्षेप उतरवून त्याखाली, काय बदल केला व कोणत्या पानावर, हे विनयाने लिहावे. न पटणारा आक्षेप पुराव्यानिशी नाकारण्याचा अधिकार लेखकास आहे. नकार आला तरी त्यातील सूचना पुढील पाठवणीस उपयोगी पडतात.

साताऱ्यास ‘आर्यांग्ल’ नावाचे वैद्यक महाविद्यालय आहे. दोन वैद्यकांनी एकमेकांशी बोलावे, ही आकांक्षा त्या नावातच आहे. निद्रानाशाचा पुढचा रुग्ण येईल तेव्हा नाडी पाहण्याबरोबरच तीव्रता निर्देशांकाचे सात प्रश्न विचारावेत, उत्तरे तारखेसह लिहून ठेवावीत आणि चार आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारावेत, एवढीच आमची विनंती आहे. परत आलेल्या त्या निबंधाची प्रत आम्ही जपून ठेवली आहे. समासात संपादकांचे पाच प्रश्न लिहिले आहेत. नव्या परीक्षणाचा आराखडा आखताना आम्ही आता प्रथम तेच पान उघडतो.