5 जुलैचं पान

दुपारी 2. क्रीडा डेस्कवर आल्या आल्या डमी पाहिली. शनिवार, 5 जुलै 2025. एजबॅस्टन कसोटीचा चौथा दिवस, बंगळुरूला नीरज चोप्राच्या नावाची पहिलीच भालाफेक स्पर्धा, विम्बल्डन. उद्या आषाढी, म्हणून आमचं एक पान पंढरपूरला गेलेलं. चियांग माईला महिला फुटबॉलच्या आशिया चषकाच्या पात्रता फेरीत आज भारत-थायलंड; त्याला एक कॉलम, दहा ओळी.

4 वाजता बैठक. मी म्हटलं, गटातून एकच संघ पुढे जाणार. दोघांचे नऊ गुण, दोघांचा गोलफरक 22. आपण मंगोलियाला 13-0, तिमोर-लेस्तेला 4-0, इराकला 5-0 हरवलंय. थायलंड मात्र 2015 आणि 2019 चे विश्वचषक खेळलेला संघ, सामना त्यांच्याच अंगणात, आणि आपण त्यांना आजवर एकदाही हरवलेलं नाही.

"निकाल लागू दे, मग बघू," संपादक म्हणाले.

पण जागा आधी धरून ठेवली नाही तर रात्री ती मिळत नाही.

5 वाजता चौकट लिहायला घेतली आणि नेरुळ आठवलं. जानेवारी 2022. तेव्हा आशिया चषक आपल्याकडे होता, यजमान म्हणून आपल्याला थेट प्रवेश होता. डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी 0-0 झालं आणि तीनच दिवसांनी संघात करोना एवढा पसरला की चिनी तैपेईविरुद्ध 13 खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. घरच्या स्पर्धेतून बाहेर. ती बातमी मीच लावली होती, पाच कॉलम. मुलींना खेळताच आलं नाही, त्याला पाच कॉलम. जिंकल्या तर दहा ओळी? मला ते पटेना.

संध्याकाळी घड्याळ सामन्याचंच. 29वं मिनिट: संगीता बासफोरचा दुरून मारलेला चेंडू जाळ्यात. बंगालमधल्या कल्याणीची ही मुलगी गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीतून परतलेली. मध्यंतरानंतर लगेच, 47व्या मिनिटाला थायलंडची बरोबरी. डेस्कवर कुणी काही बोलेना. मी एजन्सीची टेनिसची कॉपी उघडून बसले, एक ओळ वाचली असेल तर शपथ. 74व्या मिनिटाला पुन्हा संगीता! पुढची पंधरा-वीस मिनिटं मी उभीच होते. 2-1. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात आशिया चषक.

साडेनऊला डाक आवृत्ती सोडली. त्यात तीन कॉलम मिळाले. नीरज 86.18 मीटरवर जिंकला, त्याला शेजारी बसवलं.

रात्री 11 नंतर शहर आवृत्ती. शुभमन गिलच्या 269 नंतर आज 161, म्हणजे एकाच कसोटीत 430 धावा. लीड त्याचीच, त्यावर वाद नव्हता. पान लावणाऱ्या काकांनी विचारलं, "मॅडम, मुलींचा फोटो केवढा?"

"पाच कॉलम."

त्यांनी संपादकांकडे पाहिलं. संपादकांनी मान हलवली.

पावणेबाराला शेवटचं प्रूफ. शीर्षक होतं, 'भारत प्रथमच आशिया चषकात'. मी पान थांबवलं. 1983 साली बँकॉकला आपल्या मुली याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत थायलंडकडूनच हरून उपविजेत्या ठरल्या होत्या. त्यांना पुसून आजचा आनंद लिहायचा नाही. 'पात्रता फेरी जिंकून' हे शब्द आधी घातले. ओळ लांबली, तेव्हा टाइप दोन पॉइंटांनी कमी केला आणि पान सोडलं.