जितकी महाग खोली, तितकी बोट जास्त लागते

मुंबईत बॅलार्ड पियरला नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल झालं, पंतप्रधानांनी २० सप्टेंबर २०२५ रोजी भावनगरहून त्याचं उद्घाटन केलं, हे सगळ्यांनी वाचलं. ७२ काउंटर, एका वेळी पाच जहाजं, वर्षाला दहा लाख प्रवाशांची क्षमता, हे आकडेही फिरून झाले. मराठवाड्यातल्या आपल्या शहराला त्याची झळ किंवा झुळूक, काय म्हणाल ते, लागली ती दुसऱ्याच वाटेनं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, मुंबई जवळ आली आणि काश्मीर-केरळ-चारधाम यापलीकडे न जाणाऱ्या ट्रॅव्हल्सवाल्यांच्या जाहिरातीत जहाज दिसू लागलं. दोन रात्री गोवा, चार-पाच रात्री लक्षद्वीप. चित्रात बाल्कनी, बाल्कनीत जोडपं, जोडप्यासमोर सूर्यास्त.

ज्यांना कन्नडच्या घाटात गाडी लागते, त्यांचा प्रश्न मात्र जाहिरातीत कुठेच नसतो. बोट लागेल का?

लागेल. सगळ्यांना नाही, दर वेळी नाही, पण लागेल. आणि गंमत अशी की बाल्कनीची खोली घेतली तर जास्त लागेल.

कारण साधं आहे. जहाज दोन्ही बाजूंना कलतं तेव्हा ते साधारण पाण्याच्या पातळीजवळच्या आसाभोवती कलतं. नाक वर-खाली करतं तेव्हा मधल्या भागाभोवती करतं. त्यामुळे जो मध्यावर आणि खाली आहे तो कमीत कमी हलतो, आणि जो सर्वांत वरच्या मजल्यावर किंवा पुढच्या-मागच्या टोकाला आहे तो जास्तीत जास्त. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. पण जहाजावर भाड्याची उतरंड नेमकी उलटी आहे. तळाजवळची, बिनखिडकीची, मधोमध असलेली खोली सर्वांत स्वस्त. वर जावं तशी खिडकी, मग बाल्कनी, मग स्वीट. पैसे मोजायचे ते देखाव्याचे, पोटाच्या स्वास्थ्याचे नाहीत.

जहाज केवढं आहे यावरही बरंच अवलंबून असतं. मुंबईहून २०२१ पासून धावणारी कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ १९९० मध्ये फ्रान्समधल्या सेंट-नाझेरच्या गोदीत बांधलेली आहे. मूळ नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’. लांबी २११ मीटर, टनेज सुमारे ४८ हजार. (हे टनेज म्हणजे जहाजाच्या आतल्या जागेचं माप, वजन नव्हे.) आजचं अजस्त्र ‘आयकॉन ऑफ द सीज’ ३६५ मीटरचं आणि जवळजवळ अडीच लाख टनेजचं. लाट तीच, पण लहान जहाज तिच्यावर स्वार होतं आणि मोठं तिला दाबून जातं. मोठ्या प्रवासी जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात. ते जहाजाचं कलणं बरंच कमी करतात. नाक वर-खाली होतं त्यावर मात्र त्यांचा फारसा इलाज चालत नाही, आणि पोट ढवळतं ते मुख्यतः त्या वर-खालीनंच.

किती वेगानं वर-खाली? १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या एका प्रयोगात शेकडो विद्यार्थ्यांना वर-खाली सरकणाऱ्या बंद खोलीत बसवून हे मोजलं गेलं. वेगवान हेलकाव्यांचा त्रास कमी. साधारण पाच-सहा सेकंदांत एक, असा संथ हेलकावा सर्वांत वाईट. जहाजाची लय नेमकी त्याच्या आसपास असते.

या विषयातला माझा लाडका माणूस म्हणजे डॉ. ॲश्टन ग्रेबील. मूळचे हृदयरोगतज्ज्ञ, पण अमेरिकन नौदलाच्या पेन्सकोला इथल्या वैमानिकी वैद्यकशाळेत त्यांनी आयुष्य काढलं ते माणसाला मळमळतं का, या प्रश्नामागे. माणूस अंतराळात जायची तयारी सुरू होती आणि तिथे त्याचं डोकं गरगरेल का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ग्रेबील यांच्या चमूनं वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या बधिरांच्या महाविद्यालयातून अकरा जण निवडले. त्यातल्या दहा जणांचं ऐकणं लहानपणीच्या मेंदूज्वरानं गेलं होतं, आणि त्याबरोबर कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयवही निकामी झाला होता. या मंडळींना गरगर फिरणाऱ्या खोलीत ठेवलं. त्यातल्या चौघांना तर सलग बारा दिवस. क्षणभर वजन हरवणाऱ्या विमानांत बसवलं. काही नाही. शेवटी त्यांना कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ खवळलेल्या समुद्रात फेरीबोटीवर नेलं. हे अकरा जण पत्ते खेळत बसले. त्यांची नोंद घ्यायला आलेले संशोधक इतके आडवे झाले की प्रयोग आवरता घ्यावा लागला.

ही गोष्ट मला शंभर सल्ल्यांपेक्षा मोलाची वाटते. बोट लागणं हा मनाचा दुबळेपणा नाही, पित्तप्रकृती नाही, ‘सवय नाही हो यांना समुद्राची’ हेही नाही. कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि शेजारच्या दोन छोट्या पिशव्या शाबूत असल्याची ती पावती आहे. बंद खोलीत डोळे सांगतात भिंत स्थिर आहे, कान सांगतो आपण हलतोय, आणि मेंदूचा या भांडणात निकाल लागेना की पोटावर संकट येतं. ॲडमिरल नेल्सन आयुष्यभर समुद्रावर लढला आणि आयुष्यभर त्याला बोट लागत राहिली. चार्ल्स डार्विन ‘बीगल’वर पाच वर्षं हैराण होता. उलट १८८८ मध्ये मुंबईहून विलायतेला निघालेल्या मोहनदास गांधींना बोट मुळीच लागली नाही. त्यांनीच आत्मचरित्रात तसं लिहून ठेवलं आहे. बिचाऱ्यांची खरी अडचण वेगळी होती. नोकराशी इंग्रजीत बोलायचा संकोच वाटे.

मग उपाय? पहिला आणि फुकटचा उपाय म्हणजे वर मोकळ्या डेकवर, शक्यतो मध्यावर येऊन क्षितिजाकडे बघत राहणं, म्हणजे डोळे आणि कान यांचा जबाब जुळतो. खोलीत मोबाइल घेऊन बसणं हा उलटा मार्ग. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. आलं चघळायची आपली पद्धत अगदीच वेडगळ नाही. १९८८ मध्ये डेन्मार्कच्या ८० नौदल प्रशिक्षणार्थींवर प्रयोग झाला आणि एक ग्रॅम सुंठेच्या भुकटीनं उलट्या आणि घाम कमी झाल्याचं दिसलं. पुढच्या सगळ्या प्रयोगांत मात्र इतका स्पष्ट गुण आलेला नाही. तेव्हा आलेपाक जरूर न्यावा, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये. मनगटाच्या पट्ट्यांवर माझा विश्वास नाही.

गोळ्या चालतात. प्रोमेथाझिन (मेडिकलवाल्याकडे ॲव्होमिन म्हणून मागतात ती), सिनारिझिन, मेक्लिझिन या त्यातल्या नेहमीच्या. पण त्या जहाज हलायच्या आधी घ्यायच्या असतात. मळमळ सुरू झाल्यावर गिळलेली गोळी बहुतेक वेळा समुद्रातच जाते. या गोळ्यांनी झोप येते, दारूबरोबर त्या घ्यायच्या नाहीत, आणि लहान मुलं, गरोदर बायका, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये. समुद्र चढला की जहाजावरचे अनुभवी लोक काय करतात ते बघण्यासारखं असतं. लिफ्टच्या दारांशी आणि जिन्याच्या कठड्यांमागे कागदी पिशव्या गुपचूप खोचून ठेवल्या जातात, आणि खोली आवरणारा पोरगा न विचारता हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं आणून देतो. कठड्यावर पिशव्या दिसल्या की रात्रीचं जेवण हलकं घ्यावं. हवामान खात्याइतकीच ती खात्रीची सूचना असते.

खरी मेख मुदतीत आहे. शरीर हलत्या जमिनीला सरावतं, पण त्याला साधारण दोन-तीन दिवस लागतात. आपल्याकडे बरीच खपते ती दोन रात्रींची फेरी. म्हणजे कान आणि डोळे यांचा समझोता व्हायच्या सुमारास तुम्ही सामान बांधून पुन्हा बॅलार्ड पियरला. वर घरी आल्यावर दिवस-दोन दिवस फरशी हलल्यासारखी वाटते, ती वेगळीच. दोन रात्रींत समुद्राची सगळी पीडा वाट्याला येते, सराव मात्र पदरात पडत नाही. जायचंच तर चार-पाच रात्री जावं, नाहीतर गोव्याला रेल्वेनं जावं, हे माझं मत. पावसाळ्याच्या तोंडावरही नको. अरबी समुद्र डिसेंबर ते फेब्रुवारीत सर्वांत शहाण्यासारखा वागतो.

मराठवाड्याचा आणि समुद्राचा काय संबंध, असं म्हणायची सोय नाही. आपल्याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, दीड हजार वर्षांपूर्वीचं तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे. नाळेवर डोळा काढलेला, डेकवर रांजण मांडलेले. ते शूर्पारकच्या, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या, पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेतलं. चंदन आणायला गेलेला भाऊ वादळात सापडतो आणि पूर्णाचा धावा करतो. आणि १६१० मध्ये खडकी वसवून या शहराचा पाया घातला तो मलिक अंबर अबिसिनियात जन्मलेला. अरबस्तान, बगदाद अशा बाजारांत विकला जात, समुद्र ओलांडून तो दख्खनला आला. ती सहल नव्हती.

पाण्याचं बोलायचं तर आपल्याकडच्या प्रवाशाला जहाजाच्या न्हाणीघरात चोवीस तास गोडं पाणी येतं याचंच आधी नवल वाटेल. जहाज बरंचसं पाणी समुद्रातूनच काढतं, उकळून वाफेपासून किंवा पडद्यातून दाबानं गाळून. जायकवाडी भरलेली असताना आठ-आठ दिवस नळाची वाट बघणाऱ्यांनी यावर जास्त विचार करू नये, सुटी खराब होईल.

आता पुन्हा त्या तळाच्या मजल्याकडे. जिथे जहाज सर्वांत कमी हलतं, तिथे राहतं कोण? कर्मचारी. पाण्याच्या पातळीशी किंवा तिच्याही खाली, दोघा-दोघांत एक खोली, खिडकी नाही. बोट कमी लागते हा त्या खोलीचा एकमेव फायदा. सागरी कामगारांसाठीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारतानं २०१५ मध्ये स्वीकारला. तो सांगतो, चोवीस तासांत जास्तीत जास्त १४ तास काम, आठवड्यात ७२. विश्रांती दिवसाला किमान १० तास, तीही दोन तुकड्यांत चालते. हे ‘संरक्षण’ आहे, हे लक्षात घ्या. रविवार नाही, सण नाही, सहा ते नऊ महिने घरी येणं नाही. गोव्यातल्या तार्वोट्यांच्या, म्हणजे खलाशांच्या, घरांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मुंबईतल्या त्यांच्या ‘कूड’ नावाच्या खोल्या जहाजाची वाट बघत थांबायला होत्या. आपल्याकडच्या घरांना हे नवीन आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाच्या बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ हे क्रूझ जहाज कोरोनामुळे अडकलं, तेव्हा त्याच्यावरच्या ३,७११ जणांत १३८ भारतीय होते. त्यातले प्रवासी फक्त सहा. बाकीचे १३२ कामावर. प्रवाशांना खोल्यांत बंद ठेवलं होतं आणि त्यांच्या दारापर्यंत ताट पोचवणारे हे लोक रात्री त्याच सामाईक खोल्यांत झोपायला जात होते. क्रूझचा भारतीय चेहरा डेकवर कमी आणि तळाशी जास्त, हे त्या आकड्यांत स्वच्छ दिसतं.

‘क्रूझ भारत मिशन’ ३० सप्टेंबर २०२४ ला सुरू झालं, २०२९ पर्यंत प्रवासी दुप्पट करायचे म्हणून. कॉर्डेलियानं ‘नॉर्वेजियन स्काय’ आणि ‘नॉर्वेजियन सन’ ही आणखी दोन जहाजं भाड्यानं घ्यायचं २०२५ मध्ये जाहीर केलं. जहाजं वाढली की नोकऱ्या वाढतील आणि आपल्या शहरातल्या हॉटेल मॅनेजमेंट शिकणाऱ्या मुलांना त्या खुणावतील. खुणावोत. पगार बरा असतो, जेवणखाण-राहणं फुकट, जग दिसतं, निदान बंदरापुरतं. पण त्या वाटेवर दलालही बसलेले असतात.

म्हणून पालकांना एवढंच सांगणं. जहाजावरच्या नोकरीसाठी सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही, आणि सुरक्षेचं मूलभूत प्रशिक्षण लागतं. त्यांचा आणि वैद्यकीय तपासणीचा खर्च होतो, तो रास्त आहे. पण भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना असलाच पाहिजे, आणि नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घ्यायला कायद्यानं बंदी आहे. परवान्याचा क्रमांक मागा, तो महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ताडून बघा, आणि ‘सीट पक्की करायला’ लाख-दोन लाख मागणाऱ्याच्या ऑफिसातून चहा न घेता उठा.