घरचा पर्जन्यमापक आणि पासष्टचा आकडा

महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की सरकारी नियमाने ती अतिवृष्टी ठरते आणि पंचनाम्याची, मदतीची पुढची वाट मोकळी होते. हिंगोली जिल्ह्यात सोयाबीन, तूर आणि हळदीवर ज्यांचे वर्ष उभे असते, त्यांच्यासाठी हा आकडा सातबाऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे. पेरणीचेही तसेच. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरू नका, असा सल्ला कृषी खाते आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दर जूनमध्ये देतात. पण हे मिलिमीटर कुणाच्या शिवारातले? राज्यात ‘महावेध’ प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, साधारणपणे दर महसूल मंडळाला एक. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर, म्हणजे एका केंद्राच्या वाट्याला सरासरी दीडशे चौरस किलोमीटर येतात. आपला पाऊस इतक्या मोठ्या पट्ट्यावर सारखा पडत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तेव्हा त्याच शहरात कुलाब्याला ती ७५ च्याही आत होती. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात घराघरांत पाणी शिरले. अशा रात्री एका गावाच्या माथ्यावर काय कोसळले, हे मंडळाच्या एका यंत्राने अचूक सांगावे ही अपेक्षाच जास्तीची आहे.

म्हणून घराच्या अंगणात किंवा आखाड्यावर स्वतःचे हवामान केंद्र बसवण्याची कल्पना या जिल्ह्यात हौसेची राहत नाही, गरजेची होते. तापमान, आर्द्रता, वारा, हवेचा दाब आणि पाऊस एकत्र मोजणारे संच आता सहज मिळतात. मात्र खोक्यातून काढून गच्चीवर बसवलेला संच आकडे दाखवतो म्हणून तो मोजमाप करतो, असे मानायला मी तयार नाही. हळद बाजारात वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा पडताळणीचा शिक्का नसेल तर कोणताही शेतकरी आपले पोते त्यावर ठेवताना हरकत घेईल, आणि ती रास्त असेल. पावसाच्या यंत्राला असा शिक्का देणारे कुणी गावात येत नाही. ती पडताळणी घरच्यांनीच करायची असते आणि ती अवघड मुळीच नाही. तिचे तत्त्व एका वाक्यात मावते : यंत्राला आपल्याला नेमकी ठाऊक असलेली गोष्ट द्यायची आणि ते काय सांगते ते पाहायचे. याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे, चार किलोमीटर लांबीच्या भुजांची लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. लायगोच्या वेधशाळांत ज्ञात शक्तीच्या लेसरने आरशाला ढकलून यंत्राचा प्रतिसाद तपासतात. प्रोटॉनहून सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या यंत्राचा आकडा याच रीतीने विश्वासार्ह ठरतो, आणि अंगणातल्या नरसाळ्याचाही.

बहुतेक घरगुती संचांत नरसाळ्याखाली टिपिंग बकेट असते. दोन कप्प्यांची ही छोटी बकेट एक कप्पा भरला की कलते, पाणी सांडते आणि दुसरा कप्पा पुढे येतो. प्रत्येक कलण्याला चुंबकाचा स्विच एक नोंद करतो. समजा नरसाळ्याच्या तोंडाचा आतला व्यास १६ सेंटिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ २०१ चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे एक मिलिमीटर पावसाला २०.१ मिलिलिटर पाणी. बकेट ०.२ मिलिमीटरला कलत असेल, तर ४०२ मिलिलिटर पाण्यात ती १०० वेळा कलली पाहिजे आणि पडद्यावर २० मिलिमीटर दिसले पाहिजेत. पाणी मापाच्या भांड्याने घेण्यापेक्षा चांगल्या डिजिटल काट्यावर ४०२ ग्रॅम तोलून घ्यावे. ते एकदम ओतायचे नाही. प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला बारीक छिद्र पाडून थेंबथेंब सोडावे, इतके सावकाश की दोन कलण्यांत पंधरा सेकंद तरी जातील. हा वेग ताशी साधारण ४८ मिलिमीटर पावसाचा झाला. १०० च्या जागी ९२ आले तर यंत्र आठ टक्के कमी दाखवते आहे. बकेटखालचे दोन्ही स्क्रू थोडे वर घेतले की ती लवकर कलू लागते. दोन्ही सारखेच फिरवावेत, नाहीतर एक कप्पा जास्त पाणी धरतो आणि दुसरा कमी. मग पुन्हा मोजावे. स्क्रूची सोय नसेल तर गुणक काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. आठ टक्के क्षुल्लक वाटतात, पण खऱ्या ७० मिलिमीटरच्या रात्री असे यंत्र ६४.४ दाखवील.

एवढे करूनही टिपिंग बकेटचा एक दोष उरतो, आणि तो नेमका आपल्याला नको तिथे आहे. बकेट कलत असताना अर्ध्या-पाऊण सेकंदात वरून येणारे पाणी आधीच भरलेल्या कप्प्यात पडते आणि मोजणीतून सुटते. रिमझिमीत त्याने काही बिघडत नाही. ढगफुटीसारख्या सरीत, ताशी शंभराच्या पुढे, हे सुटणे लक्षणीय होते. सावकाश थेंबांवर जुळवलेले यंत्र मुसळधारेत कमीच दाखवते. यावर सर्वांत स्वस्त आणि भक्कम उपाय म्हणजे शेजारी साधा, हाताने मोजायचा पर्जन्यमापक ठेवणे. दिवसाची बेरीज हातमापकाची धरावी आणि सर किती वाजता आली, किती जोरात आली हे यंत्राला विचारावे. तहसील कार्यालयांच्या आवारात पिढ्यानपिढ्या उभा असलेला सायमन्सचा पर्जन्यमापक याच साध्या जातीचा आहे. जॉर्ज सायमन्स या इंग्रज गृहस्थाने १८६० मध्ये घरोघरच्या हौशी निरीक्षकांचे जाळे विणून ब्रिटनच्या पावसाची नोंद सुरू केली. आपल्या सरकारी आकड्याची परंपरा अशा घरगुती नोंदींशी जोडलेली आहे, हे विसरले जाते.

जागेच्या बाबतीत गच्चीचा मोह टाळावा. भिंतीच्या कडेवरून उसळणारा वारा थेंबांना नरसाळ्यावरून पलीकडे नेतो. पर्जन्यमापक जमिनीवर, मोकळ्यावर हवा, आणि घर, कडुनिंब किंवा विजेचा खांब त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा. चौपट मिळाले तर उत्तम. काठ पाणसळीने सपाट करावा. मृगाआधी नरसाळे उघडून पाहावे, कारण उन्हाळ्याची धूळ, मळणीचा भुसा आणि कोळ्याचे जाळे यांनी तोंड बुजलेले यंत्र पहिल्याच पावसाला शून्य दाखवते. तापमानाचा संवेदक पांढऱ्या, हवेशीर आडोशात, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर हवा. टिनाच्या पत्र्याजवळ ठेवला तर मे महिन्यात तो हवेचे नव्हे, पत्र्याचे तापमान सांगेल. कुटलेला बर्फ आणि पाणी यांच्या मिश्रणात, पिशवीत नीट गुंडाळून धरला की त्याने शून्य अंश दाखवावे. आर्द्रतेसाठी मीठ पुरते. हवाबंद बरणीत नुसते ओलसर केलेले मीठ ठेवले तर पंचवीस अंशांना आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. संवेदक मिठाला न टेकवता दिवसभर बरणीत राहू द्यावा आणि फरक टिपावा. हळदीवरच्या करप्याचा अंदाज आर्द्रतेवर बांधणाऱ्याला हा फरक ठाऊक असायलाच हवा. हवेच्या दाबासाठी संचात गावाची उंची भरावी लागते, हिंगोलीला ती साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. वाऱ्याचे प्रमाणित माप दहा मीटर उंचीवरचे असते. घरी ते क्वचितच जमते, तेव्हा वाऱ्याच्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये.

घड्याळाकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते. भारतीय हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. घरगुती संचांची दिवसाची बेरीज बहुधा मध्यरात्री शून्य होते. मराठवाड्यात वादळी सरी संध्याकाळनंतर, रात्री उशिरापर्यंत चालतात. रात्री दहा ते तीनमध्ये ८० मिलिमीटर पडले, त्यांतले ३५ बारापूर्वी आणि ४५ नंतर, तर पडद्यावर दोन मध्यम दिवस दिसतील आणि अतिवृष्टी कुठेच दिसणार नाही. सरकारी आकड्याशी तुलना करायची तर साडेआठ ते साडेआठ हीच बेरीज धरावी लागते. ही एक गोष्ट चुकली तर आधीची सगळी मेहनत पाण्यात जाते.

यावर पहिला आक्षेप येतो तो मोबाइलचा : पाऊस हातात दिसत असताना यंत्र कशाला? मोबाइलवरचा आकडा बहुधा प्रतिमानाने काढलेला अंदाज असतो, आपल्या शिवारात पडलेल्या पाण्याचे ते माप नसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : मदतीसाठी मंडळाचाच आकडा ग्राह्य, मग घरच्या नोंदीचा उपयोग काय? नोंद आज कायद्याने ग्राह्य नाही हे खरे आहे, आणि तशी आशा कुणाला दाखवणे चुकीचे होईल. पण तलाठ्याकडे आणि तहसीलदाराकडे पंचनाम्याची मागणी करताना ‘लई पाऊस झाला’ म्हणणे वेगळे आणि पडताळणीची तारीख, जागेचा फोटो, रोजच्या साडेआठच्या नोंदी असलेली वही पुढे ठेवणे वेगळे. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला जुलै १९९७ मध्ये पूर आला, तेव्हा शहराच्या एका भागात फूटभराहून अधिक आणि काही मैलांवर अगदीच थोडा पाऊस झाला होता. त्यातून पुढच्याच वर्षी स्वयंसेवकांचे ‘कोकोराझ’ हे जाळे उभे राहिले. साध्या हातमापकांनी, ठरलेल्या पद्धतीने केलेल्या त्यांच्या नोंदी आज तिथले सरकारी हवामान खातेही वापरते. तिथे यंत्राच्या किमतीपेक्षा शिस्तीने काम केले. एका घराची नोंद एकाच घराची असते हा तिसरा आक्षेपही तिथेच सुटतो. गावाच्या चार दिशांना चार हातमापक आणि मध्ये एक पडताळलेला संच एवढ्याने गावाचे चित्र बरेच स्पष्ट होते, आणि त्याचा खर्च चार घरांत वाटला जातो.

केंद्र सरकारच्या ‘विंड्स’ उपक्रमात आता ग्रामपंचायत पातळीपर्यंत स्वयंचलित केंद्रे आणि पर्जन्यमापक बसवण्याची योजना आहे. ते यंत्र झाडाखाली बसले, इमारतीला चिकटून बसले, किंवा एखाद्या हंगामात मुके राहिले, तर ते आधी कुणाच्या लक्षात येईल? ज्या गावात दोन-तीन पावसाळ्यांची पडताळलेली वही असेल, तिथले लोक सरकारी आकडा आपल्या आकड्याशेजारी लिहून फरक दाखवू शकतील आणि जागा बदलण्याची मागणी ग्रामसभेत पुराव्यानिशी करू शकतील. बाकीच्या गावांना पहिल्या वादाच्या दिवशी मोजायला सुरुवात करावी लागेल, आणि तोवर त्या हंगामाचा पाऊस होऊन गेलेला असेल.