घोंगडीच्या आधी

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीवर संशोधन चालते. ही मेंढी काटक, बहुधा काळी, आणि तिची लोकर राठ. मेरिनोच्या मऊसूत लोकरीशी तिची बरोबरी होत नाही. पण स्वेटर नव्हे, घोंगडी करायची असेल तर हा राठपणाच कामी येतो.

धनगर साधारण वर्षातून दोनदा मेंढ्या कातरतात. आधी ओढ्यात धुतात, अंग सुकलं की पाय बांधून आडवी पाडतात आणि कात्रीने कातरतात. मेंढीला इजा होत नाही, उलट उन्हाळ्यात बरंच वाटत असावं. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. ती सगळ्यांत मऊ, म्हणून तिच्या घोंगडीला भाव जास्त.

मग लोकर निवडून पिंजायची, चरख्यावर सूत कातायचं. उभ्या सुताला चिंचोक्याची खळ लावतात. वाळलं की ते ताठ होतं आणि मागावर तुटत नाही. विणकर बहुतेक सनगर समाजाचे. लोकरीच्या केसावरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात, थोडं तेलही उरतं. म्हणून पावसाची सर घोंगडीवरून ओघळून जाते. काळा रंग तर मेंढीचाच, रंगवायचा खर्च नाही.

रेशमाचं गणित वेगळं. तिथे कोष उकळत्या पाण्यात टाकतात, आतला कोशित मरतो आणि शेकडो मीटर अखंड धागा उलगडतो. मेंढी मात्र कातरून झाली की उठते, अंग झटकते आणि कळपात शिरते.