वजन वाढलं की सूज आली? मुलांच्या अंगावरची सूज ओळखूया



आपण शाळेत मुलांची उंची-वजनं घेतो आणि नोंदवहीत लिहून ठेवतो. वजन वाढलं की आपल्याला बरं वाटतं. पण वाढलेलं वजन नेहमी चांगलंच असतं का? हा प्रश्न मला एका मुलामुळे पडला.

दुसरीच्या वर्गातला मुलगा. जुलैमध्ये त्याचं वजन १९ किलो होतं, सप्टेंबरमध्ये साडेबावीस भरलं. गाल वर आलेले. त्याची आई शाळेत आली तेव्हा मी कौतुकानेच म्हटलं, "अहो, याच्या अंगावर चांगलं मांस चढलंय की!" ती म्हणाली, "बाई, सकाळी याचे डोळेच उघडत नाहीत. दुपारपर्यंत आपोआप उतरतं. मेडिकलमधून डोळ्यांत घालायचे थेंब आणलेत." तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. मोज्याचं इलॅस्टिक जिथे होतं तिथे खोल वळ उमटला होता. ते मांस नव्हतं, पाणी होतं. मी दोन महिने त्याला रोज बघत होते आणि मला ते कळलं नव्हतं. म्हणून हा लेख.

सूज म्हणजे नक्की काय?

आपल्या शरीरात साधारण ६० टक्के पाणी असतं. काही रक्तात, बरंचसं पेशींच्या आत आणि काही पेशींच्या मधल्या जागेत. शेतातलं ठिबक डोळ्यांसमोर आणा. नळीतून थोडं थोडं पाणी झिरपतं तसं अगदी बारीक रक्तवाहिन्यांमधून पाणी बाहेर झिरपतं आणि पेशींना अन्न पोहोचवतं. त्यातलं बरंचसं पुन्हा रक्तात ओढलं जातं. उरलेलं पाणी लसीकावाहिन्या गोळा करून नेतात. त्या म्हणजे शेताच्या कडेला काढलेले चरच.

आता शेत पाणथळ कधी होतं? पाणी जास्त सुटलं, जमिनीने परत ओढलं नाही किंवा चर बुजले तर. शरीराचंही तसंच आहे.

पाणी परत ओढण्याचं मोठं काम अल्ब्युमिन नावाचं प्रथिन करतं. ते यकृतात तयार होतं. निरोगी माणसाच्या दर १०० मिलिलिटर रक्तात ते साधारण साडेतीन ते पाच ग्रॅम असतं. काकडीच्या फोडींना मीठ लावलं की काकडीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, हे आपण कोशिंबीर करताना रोज पाहतो. अल्ब्युमिन रक्तवाहिनीच्या आत राहून जवळपास तशीच ओढ लावतं. ते कमी झालं की पाणी बाहेरच राहतं, आणि अंगावर सूज दिसू लागते.

कणकेची खूण

ही सूज ओळखायला यंत्र लागत नाही. मुलाच्या पायाच्या वरच्या बाजूला किंवा नडगीच्या हाडावर अंगठा ठेवा, हलकेच दाबा, मनात तीन सेकंद मोजा आणि अंगठा काढा. कणकेच्या गोळ्यावर उमटतो तसा खळगा राहिला तर ती पाण्याची सूज. चरबी किंवा मांस असेल तर कातडी लगेच पूर्ववत होते. दोन्ही पाय तपासा. एकाच पायाला सूज असेल तर मार, किडा चावणं, गळू अशी कारणंही असू शकतात. दोन्ही पायांवर खळगा राहत असेल तर कारण बहुधा शरीराच्या आत असतं.

सूज जागा बदलते, हेही लक्षात ठेवा. रात्रभर आडवं झोपल्यावर पाणी डोळ्यांभोवती साठतं, कारण तिथली कातडी पातळ आणि सैल असते. दिवसभर उभं राहिलं, खेळलं की ते पायांत उतरतं. त्यामुळे सकाळी डोळे सुजलेले आणि दुपारी ठीक दिसलं तरी सूज "बरी झाली" असं नसतं. ती खाली सरकलेली असते.

मुलांमध्ये सूज का येते?

एक, मूत्रपिंडाचा आजार. आमच्या मुलाला नेफ्रोटिक सिंड्रोम निघाला. मूत्रपिंड ही शरीराची चाळणी. या आजारात चाळणीची भोकं मोठी झाल्यासारखी होतात आणि अल्ब्युमिन लघवीवाटे निघून जातं. लघवीला फेस येतो. हा आजार साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात जास्त दिसतो, आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये अधिक. लघवीच्या साध्या तपासणीत तो लक्षात येतो. लहान वयातली बहुतेक मुलं स्टेरॉइडच्या औषधाने बरी होतात, पण आजार पुन्हा उलटू शकतो.

मूत्रपिंडाचा आणखी एक प्रकार आहे. घसा दुखून गेल्यावर किंवा अंगावरचे फोड पिकून गेल्यावर काही आठवड्यांनी चेहरा सुजतो, लघवी कमी होते आणि तिचा रंग कोऱ्या चहासारखा दिसतो. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा.

दोन, तीव्र कुपोषण. अंगणवाडीत दंडाचा घेर मोजण्याची पट्टी आपण पाहतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित धरतात. पण कुपोषणामुळे दोन्ही पायांवर दाबल्यावर खळगा पडणारी सूज असेल, तर वजन आणि दंड काहीही दाखवो, मूल तीव्र कुपोषितच समजायचं असा नियम आहे. कारण त्या मुलाचं वजन पाण्याने फुगलेलं असतं.

या आजाराचं वर्णन डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ साली केलं. तेव्हा त्या आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, काम करत होत्या. १९३५ मध्ये त्यांनी तिथल्या गा भाषेतलं नाव वापरलं, क्वाशिऑरकोर. धाकटं भावंडं आल्यावर आईच्या दुधापासून दूर झालेल्या मुलाचा आजार, असा त्याचा अर्थ. आयांनी ठेवलेल्या या नावात आजाराचं एक कारणच आलं होतं. केवळ प्रथिनं कमी पडतात म्हणून हे होतं असं पूर्वी मानायचे. आता कारण इतकं सरळ नाही, हे डॉक्टर मान्य करतात.

याशिवाय हृदय आणि यकृताच्या आजारांतही सूज येते. हत्तीरोगात डासांमुळे शिरलेले जंत लसीकावाहिन्या निकामी करतात, म्हणजे चरच बुजतात. पूर्व विदर्भातल्या वाचकांना हा आजार वेगळा सांगायला नको.

मग आपण काय करायचं?

१. वजन घेताना पायही दाबून पाहा. थोड्या दिवसांत वजन एकदम वाढलं तर आनंदाआधी शंका घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन.

२. पालकांना घाबरवू नका, पण "बघू पुढच्या आठवड्यात" असंही म्हणू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवी तपासून घ्यायला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा अशा मुलाला आवर्जून दाखवा, मात्र पथकाची वाट पाहत थांबू नका.

३. लघवी सुटण्याची गोळी मनाने देऊ नका. कुपोषणाच्या सुजेत ती घातक ठरू शकते. पाणीही आपल्या मनाने बंद करू नका.

४. ओठ किंवा चेहरा एकाएकी सुजला आणि श्वास लागत असेल तर ती ॲलर्जी असू शकते. सूज आलेल्या मुलाला धाप लागली, पोट खूप दुखलं, ताप आला किंवा लघवी बंद झाली, तरीही ताबडतोब दवाखाना.

५. उपचार चालू असलेल्या मुलाला लघवीला जायची परवानगी लगेच द्या. सूज असेपर्यंत डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात, तेव्हा पापड, लोणचं, पाकिटातले खारे पदार्थ त्याच्या डब्यात नकोत. स्टेरॉइडमुळे चेहरा गोल होतो, भूक वाढते. वर्गात कोणी "जाड्या" म्हणून चिडवत असेल तर ते तिथेच थांबवा. चिडवण्याला कंटाळून मूल गोळ्या टाळतं, आणि हे औषध एकदम बंद करणं धोक्याचं असतं.

वजन उतरलं, आणि...

औषध सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी आमचा मुलगा शाळेत आला. वजन भरलं साडेअठरा. आई घाबरली, "बाई, चार किलो उतरलं!" मी म्हटलं, "उतरलं ते पाणी उतरलं, ताई." उपचारात आधी वजन उतरतं आणि मग खरं वजन वाढू लागतं. पण माझ्या मनात वेगळाच हिशोब चालू होता. जुलैमध्ये १९ आणि आता साडेअठरा. म्हणजे नोंदवहीत वजन वाढत असताना मूल आतून अर्धा किलो झिजलं होतं.

आता तो चौथीत आहे. मध्ये एकदा आजार उलटला होता, पण आईने घरी सकाळी लघवीची पट्टी तपासून वहीत लिहायची सवय ठेवली होती, म्हणून दुसऱ्याच दिवशी उपचार सुरू झाले.

पुढच्या वेळी वजनकाटा काढाल तेव्हा मुलांना मोजे काढायला सांगा. एका मुलाला अर्धा मिनिट लागतो. आपल्या वर्गात असा अनुभव आला असेल तर जरूर कळवा.