मतमाउलीची यात्रा आणि शेजारचे लग्न

सप्टेंबर लागला की श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. मतमाउली म्हणजे हजरत ईसा (अ.स.) यांच्या आई, हजरत मरियम. जिल्ह्यातले कॅथोलिक ख्रिस्ती तिथे मेणबत्त्या लावतात, नवस फेडतात. प्रोटेस्टंट ख्रिस्ती मात्र बहुतेक लांबच राहतात. आम्ही मुसलमान दोघांनाही ‘ख्रिश्चन’ म्हणून मोकळे होतो.

अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आले. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये इथूनच निघाले. रेव्हरंड ना. वा. टिळक याच मिशनचे. जेझुइट फादर नंतर आले. त्यांचे ‘निरोप्या’ मासिक १९०३ पासूनचे. दोन्ही मिशने खेड्यापाड्यांत पोहोचली आणि कुठे कुठे एकाच भावकीत दोन पंथ झाले.

आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिका प्रोटेस्टंट. त्यांचे म्हणणे साधे आहे : मरियम पवित्र खरीच, पण प्रार्थना देवाकडेच करावी, मध्ये कोणी नको. कॅथोलिक म्हणतात, आम्ही तिची पूजा करत नाही. शेजाऱ्याला ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ म्हणतो, तसे तिला म्हणतो. बाईंना हे पटत नाही. आम्हाला हा वाद ओळखीचा वाटला. दर्गा, वसीला, उरूस यांवरून आपल्याच घरांत जेवणाच्या दस्तरख्वानावर काय होते ते वाचकांना सांगायला नको! तिथेही एक बाजू म्हणते शिर्क, दुसरी म्हणते मोहब्बत. आणि समोरच्याला नेमके काय म्हणायचे आहे ते विचारायला दोघांनाही सवड नसते. कुरआनात हजरत मरियम यांच्या नावाची सूरह आहे हे बाईंना आमच्याकडूनच कळले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचे लग्न कॅथोलिक मुलाशी ठरले. पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल, ही बाईंची पहिली भीती. तसे नसते, प्रोटेस्टंटांचा बाप्तिस्मा कॅथोलिक चर्च मानते. बिशपची परवानगी मात्र लागते, आणि मुलांना कॅथोलिक म्हणून वाढवण्याचा शक्य तेवढा प्रयत्न करीन, असे कॅथोलिक जोडीदाराने वचन द्यायचे असते. बाई त्यावर आठवडाभर नीट जेवल्या नाहीत.

खरी अडचण होती प्रसादाच्या भाकरीची. कॅथोलिक श्रद्धेनुसार मिस्सेत ती खरोखर ख्रिस्ताचे शरीर होते. बाईंच्या मंडळीत ती त्याची आठवण. म्हणून कॅथोलिक मिस्सेत प्रोटेस्टंटांना ती सहसा देत नाहीत. स्वतःच्याच लग्नात नवरीने हात आवरून बसायचे?

शेवटी फादरांनीच सुचवले, मिस्सा नको, नुसता विवाहविधी करू. आम्ही मागच्या बाकावर होतो. गीते टिळकांची निवडली होती. ती दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना पुस्तक न उघडता येत होती.