कानावर भागवू नका, बोटांना अक्षर द्या

बारामती आणि इंदापूर म्हटले की ऊस, साखर कारखाने, उजनीचे पाणी आणि सहकाराचे राजकारण यांचीच चर्चा होते. शिक्षणसंस्थांच्या टोलेजंग इमारतींचेही कौतुक होते. पण याच दोन तालुक्यांतल्या गावच्या शाळेत बसणाऱ्या अंध मुलाला वाचता येते काय, असे कोणी विचारीत नाही. तो प्रश्न आम्ही विचारीत आहोत. धडा पाठ आहे काय, कविता म्हणता येते काय, हे आम्हाला नको आहे. स्वतःच्या बोटांनी ओळ वाचता येते काय, एवढेच सांगा.

ब्रेल ही कोणा डोळसाने दयाबुद्धीने दिलेली भीक नाही. खोगीर बनवणाऱ्या एका फ्रेंच कारागिराच्या अंध मुलाने, लुई ब्रेलने, 1824 साली वयाच्या पंधराव्या वर्षी ती घडवली. सहा टिंबांच्या 63 जुळण्यांत सगळी अक्षरे बसवली. तो ज्या संस्थेत शिकला आणि शिकवत होता, तिने ती लिपी अधिकृतपणे स्वीकारली 1854 साली. तो 1852 मध्येच वारला होता! आपल्या देशात 1951 साली भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली. मराठीही तीतच लिहितात.

आता कोणी म्हणेल, मोबाइल वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला? मोबाइल जरूर द्या, त्याला आमचा विरोध नाही. पण 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, हा फरक कानाला कळत नाही. ब्रेलमध्ये ऱ्हस्व इ म्हणजे 2 आणि 4 ही टिंबे, दीर्घ ई म्हणजे 3 आणि 5. बोट फिरले की कळते. गणिताची मांडणी, नकाशा, स्वतः काढलेली टिपणे, हे सगळे नुसते ऐकून हाती लागत नाही. पोथी एकाच्या हातात आणि बाकीच्यांनी फक्त कान द्यायचे, ही रीत आपल्या समाजाला नवी नाही. ती मोडायलाच तर आपण अक्षराच्या मागे लागलो.

दहावीच्या परीक्षेत अंध विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो. सवलत योग्यच आहे. पण उत्तरपत्रिकेतले शुद्धलेखन लेखनिकाचे असते. मुलाला स्वतःला लिहिता येते की नाही, हे शेवटपर्यंत झाकून राहते. उद्या नोकरीत कागद समोर आला की ते उघडे पडते.

पुण्यातली अंधशाळा 1934 सालची. अंध मुलींची निवासी शाळा आळंदीत आहे. बारामतीहून पुणे शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहूनही लांब. मजुरी करणारे आईबाप सात वर्षांची पोर इतक्या दूर ठेवायला कचरतात, यात त्यांचे काय चुकले? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. ब्रेल जाणणारे शिक्षक नेमण्याची जबाबदारीही त्याच कायद्यात लिहिलेली आहे.

प्रत्यक्षात मात्र गावच्या शाळेत येतो तो फिरता विशेष शिक्षक. त्याच्याकडे अनेक शाळा आणि सर्व प्रकारचे अपंगत्व. ब्रेल तर रोजच्या सरावाची गोष्ट आहे. तर्जनी हलकी ठेवून, एका हाताने ओळ वाचत दुसऱ्याने पुढची ओळ शोधायची, हे अधूनमधूनच्या भेटीत येत नाही. पाटीवर टोचणीने लिहिताना तर उजवीकडून डावीकडे उलटे लिहावे लागते. शिकवणारा जवळ नसेल तर मूल वैतागून सोडून देते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालानंतर केंद्र सरकारने 2022 साली प्राथमिक शाळेत दहा आणि उच्च प्राथमिकमध्ये पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवले. 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विशेष शिक्षकांची 4,860 पदे मंजूर केली. म्हणजे एका केंद्राला एक. त्या केंद्रातल्या एका अंध मुलाच्या वाट्याला किती तास येणार, हिशेब तुम्हीच करा. आणि बीडकडून गळितासाठी आलेल्या ऊसतोड कामगाराच्या फडावरच्या अंध मुलाचा हिशेब कोणत्या केंद्रात धरायचा?

जयंतीला आपण वह्या वाटतो, पेन वाटतो. त्यात एखादी ब्रेल पाटी, टोचणी आणि जाड कागदाचा गठ्ठा का नसावा? विहारातल्या अभ्यासिकेत ब्रेल पुस्तकांसाठी एक कपाट का नसावे? मात्र वर्गणीतून पाटी आली म्हणून सरकारला मोकळे सोडायचे नाही. दोन्ही तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे माहिती अधिकारात अर्ज टाकावा. पटावर अंध विद्यार्थी किती, त्यातले किती ब्रेल वाचतात, ब्रेल पाठ्यपुस्तके कोणत्या महिन्यात मिळाली, विशेष शिक्षक त्या शाळेत वर्षभरात किती दिवस गेला, आणि त्यातल्या किती जणांना स्वतः ब्रेल वाचता येते.